सुताचं दुसरं टोक

वैशाख पौर्णिमेच्या सकाळपासून आमच्या विहाराचं सभागृह लांब होत होतं.

बाहेरून काही फरक नव्हता. इमारत हातपंपाशी सुरू व्हायची आणि चिंचेशी संपायची, तशीच संपत होती. मी फिरून पाहिलं. आत मात्र वेगळं होतं. पूर्वी दारात चपला काढून त्रिशरण म्हणत निघालं की म्हणता म्हणता मूर्तीच्या पायांशी पोचायचो. आता त्रिशरण संपायचं, पंचशील संपायचं, आणि मूर्ती धानाच्या दाण्याएवढी समोर दिसत राहायची. शेवईचं पीठ ओढलं की जितकं लांब तितकं बारीक होत जातं, तसं सभागृहही लांब होता होता अरुंद होत होतं. खिडक्या रोज थोड्या जवळ आलेल्या असायच्या.

गावात कोणी घाबरलं नाही. बायकांनी घरून आणखी सतरंज्या आणल्या, त्याही पुरेनात. सरपंचबाई म्हणाल्या, "नवा रंग दिला ना जी, म्हनून मोठं दिसते." बाबासाहेबांची तसबीर तेवढी दूर गेली नव्हती. सभागृहात कुठेही उभं राहिलं तरी ती आपल्या डाव्या हाताला, खांद्याजवळच असायची. मला त्याचं फार बळ वाटायचं.

मी रोज आठ शीलं पाळते. दुपारी बारानंतर जेवत नाही, पांढरं लुगडं नेसते, सकाळी मूर्तीपुढचं पाणी बदलते. हे सगळं मला माझ्या मोठ्या जावेने लावून दिलं. तिचं नाव देवका. मी तिला बाई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा तिने मला आधी चूल दाखवली नाही. हातात झाडू दिला आणि विहारात घेऊन गेली. आम्ही दोघी विधवा झालो, मुलं नागपूरला गेली, तरी सकाळी विहार झाडायची पाळी तिने कोणाला दिली नाही.

आषाढ आला तेव्हा बाई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. तिची एकच इच्छा होती. परित्राण पाठ बसावा आणि पाठाचं सूत तिच्या हाताला लागावं. आमच्याकडे पाठाच्या वेळी पांढऱ्या सुताचं टोक आधी मूर्तीच्या हाताला बांधतात. मग ते पाण्याच्या कळशीभोवती फिरवतात, तिथून भंतेंच्या हातांतून पुढे बसलेल्या सगळ्यांच्या हातांतून जातं. कोणी आजारी असलं तर रीळ उलगडत त्याच्या घरापर्यंत नेतात. त्या सुतातून मूर्तीचा हात आपल्या हाताला लागतो, असं बाई मानायची. मीही मानते.

आषाढी पौर्णिमेच्या सकाळी बाईचा श्वास ऐकला आणि मी घाई केली. विहारात न जाता रीळ घेऊन आधी तिच्या खाटेशी गेले आणि पहिलं टोक तिच्या हातात दिलं. तिची मूठ मिटली. मग ओसरीतून, अंगणातून, धानाच्या रोवणीला निघालेल्या बायकांच्या डोक्यांवरून सूत उलगडत मी विहाराच्या दारात आले, आणि तिथे थांबले. मूर्ती दुसऱ्या टोकाला राहून गेली होती.

पाठासाठी तिघे जण आले होते. मोठे भंते ब्रह्मदेशात पुष्कळ वर्षं राहून आलेले; त्यांना नाव होतं, ते कसं गेलं ते पुढे सांगते. दुसरा धम्मकीर्ती, आमच्याच गावचा, जपानच्या मठात राहून आलेला. बाईने त्याला लहानपणी न्हाऊ घातलं होतं, त्यामुळे चीवर घालून समोर बसला तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची. तिसरे लोबसांग लामा, जंगलापलीकडच्या तिबेटी वसाहतीतले. जन्म वसाहतीतलाच, बोलणं आमच्यासारखंच. त्यांची बहीण हिवाळ्यात गोंदियाला स्वेटर विकते.

"टोक आधी मूर्तीला बांधायचं असतं," मोठे भंते म्हणाले. "उपासिका, तुम्ही उलटं बांधलंत."

"सोडवून आणू का जी?"

"मूठ उघडते का?"

"नाही."

"मग तिथपर्यंत चालावं लागेल."

"उलटं कसं?" लामाजी म्हणाले. "जिथं दुखून राह्यलं तिथून सुरू केलं यांनी. बराबर हाय."

"उलटं आणि सुलटं ही दोन टोकं नाहीतच," धम्मकीर्ती म्हणाला.

"तू थांब रे बाबा जरा," मी म्हटलं.

मोठे भंते आधी स्वतः वाट बघून येतो म्हणाले. ते आत शिरले आणि सावकाश चालत लहान होत गेले, मुंगीएवढे झाले, मग दिसेनासे. परत आले तेव्हा त्यांच्या पायांना लाल माती लागली होती. आमच्याकडे तशी माती नाही.

"तिसऱ्या खांबापर्यंत गेलो," ते म्हणाले. "वाट आहे, आणि स्वच्छ आहे. मात्र प्रत्येक खांबाशी आपलं काहीतरी खाली ठेवावं लागतं, त्याशिवाय पुढचा खांब दिसत नाही. तिसऱ्यापाशी मी माझं नाव ठेवलं. चौथा या जन्मात दिसेलसं वाटत नाही."

तेव्हापासून त्यांचं नाव आम्हाला कोणालाच आठवत नाही.

धम्मकीर्तीने आत पाऊलही टाकलं नाही. उंबऱ्याशी भिंतीकडे तोंड करून बसला, आणि मूर्ती त्याच्या गुडघ्यांपुढे आली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमचीच मूर्ती, हाताच्या अंतरावर, मांडीत पडलेल्या चाफ्यासकट.

"बघा काकू. कुठं जायचंय?"

"मग हे टोक बांध ना तिच्या हाताला!"

त्याने टोक घेतलं, हात उचलला, आणि मूर्ती पुन्हा धानाच्या दाण्याएवढी होऊन पार तिकडे गेली.

"बांधायला गेलं की जाते," तो म्हणाला. "नुसतं बसलं की असते."

"पण त्याचा बाईला काय उपयोग?"

"उपयोग म्हटलं तरी जाते, काकू."

लामाजी दारात पडदा धरून उभे होते आणि येईल त्याला आत सोडत होते. सरपंचबाई गेल्या. रोवणीच्या बायका चिखलाच्या पायांनी गेल्या. त्यांच्यामागून शेळ्या, बोडीच्या तळ्यावरचे बगळे, तोंडात अंडी धरलेल्या मुंग्या. सभागृह अरुंद होतं तरी सगळे मावत होते. लामाजी स्वतः उंबऱ्याबाहेरच होते, पण त्यांच्या हाताची सावली तिकडे दूर मूर्तीच्या मांडीवर पडलेली दिसत होती.

"लामाजी, तुमचा नंबर कधी?" मी विचारलं.

"सगळे गेल्यावर मंग."

"सगळे म्हणजे किती?"

ते हसले. "बाहेर कोनी दिसत नाही तंवर."

मग जेवणं झाली, कारण बारा वाजत आले होते. वरण-भात आणि भेंडीची भाजी होती. घड्याळ बाराला टेकलं होतं पण वाजत नव्हतं. सभागृहासोबत सकाळही ओढली गेली होती. त्यामुळे तिघांनाही वाद घालायला वेळ मिळाला. वाद ते फार हळू आवाजात घालत होते. एकमेकांना आधी भात वाढायचे, मग खोडून काढायचे. मी वाढत होते आणि कमरेला खोचलेलं सूत ओढलं जाऊ नये म्हणून जपत होते. तेवढ्यात सूत थरथरलं. ते कानाशी ताणून धरलं तर त्यातून बाईचा आवाज आला, लहानपणी काडेपेटीच्या टेलिफोनमधून यायचा तसा.

"काय करून राह्यले वं ते?"

"भांडून राह्यले बाई. हळूहळू."

"जेवले का?"

"जेवून राह्यले."

"बाळ्याले वरण जास्त वाढ. अन् त्याइले एक विचार माझ्याकडून. मले ध्यान जमलं नाही. पाली येत नाही. मी जन्मभर तिथं झाडू मारला. तं मी पोचली का नाही पोचली?"

मी विचारलं.

मोठे भंते म्हणाले, "झाडण्याचं पुण्य मोठं आहे. पुण्याने वाट साफ होते. चालावी मात्र लागते. पुढच्या जन्मी त्या माझ्या कितीतरी पुढे असतील."

धम्मकीर्ती म्हणाला, "झाडत होती तेव्हाच ती पोचलेली होती. झाडणं वेगळं आणि पोचणं वेगळं, असं नव्हतंच काही."

लामाजी म्हणाले, "तिनं झाडलेल्या जागेवर बसून जे जे लोक उठले, ते सगळे पोचल्यावर ती पोचन. आधी ती कबूल व्हायचीच नाही."

मी तिन्ही उत्तरं एकामागून एक सुतात सांगितली.

"तिघंबी खरे असतीन," बाई म्हणाली. "मोठी मानसं आहेत. पन वच्छले, मी भेऊन राह्यली वं. मले तो मूर्तीचा हात हाताले लागला पाहिजे. तेवढं कर. माझ्यापाशी लय वेळ नाही."

मी ताटं तशीच ठेवली, हात धुतले आणि रीळ घेऊन आत शिरले. कोणी अडवलं नाही. मोठे भंते म्हणाले, पावलावर लक्ष असू द्या. धम्मकीर्ती म्हणाला, पोचायचं म्हणून चालू नका. लामाजी म्हणाले, सूत ढिलं सोडू नका, तिले संगं घेऊन चला. तिन्ही एकदम करायला गेले तर पायच उचलेना. मग मी फक्त चालले.

आत गार होतं. लामाजींनी सोडलेले सगळे दोन्ही भिंतींना टेकून बसले होते आणि पिंपळाच्या जाळीदार पानासारखे चपटे झाले होते. बगळ्यांचे डोळे तेवढे हलत होते. सरपंचबाईंनी पाय आवरून मला वाट दिली.

"बरं आहे ना जी?" मी विचारलं.

"मस्त हाय. कंबर दुखून राह्यली होती, ते थांबली. जा तू, जा."

पहिल्या खांबाशी लोकांनी ठेवलेल्या वस्तूंचा ढीग होता. कोणाचा तरी राग होता, त्याची धग लागत होती. कोणाचा मोठेपणा, धुऊन वाळत घातलेला. मी माझी घाई तिथे ठेवली, आणि दुसरा खांब दिसला. तिथे मी काय ठेवलं ते आठवत नाही. बहुतेक ते आठवणंच असावं. तिसऱ्या खांबाशी मोठ्या भंतेंचं नाव नीट घडी करून ठेवलेलं होतं. मी ते उलगडलं नाही. न दिलेलं घेत नाही आम्ही.

चौथा खांब मला दिसला नाही. मी तशीच पुढे गेले. खिडक्यांच्या आता फटी झाल्या होत्या आणि त्यांतून उजेड सुरीसारखा आडवा येत होता. छताला डोकं लागत नव्हतं, पण केस लागत होते. तसबीर माझ्या डाव्या खांद्याशी होती. ती तिथे नसती तर मी परत फिरले असते.

मग रीळ संपलं. मूर्ती अजून दूर होती. मी पदराची कड दातांनी तोडली, धागा काढला, गाठ मारली आणि चालू लागले. चालता चालता लुगडं उसवत होतं, मागे धाग्याची वाट होत होती. जागा अरुंद होत गेली तशी मीही अरुंद होत गेले, त्यामुळे उरलेलं लुगडं अंगाला पुरत होतं.

"वच्छले." आवाज आता फार बारीक येत होता. "दिसते का?"

"दिसून राह्यली बाई."

"कशी दिसते?"

मला सांगता येईना. जवळ जावं तशी मूर्ती मोठी होत होती. घराएवढी झाली. मग टेकडीएवढी. तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख माझ्या उंचीचं झालं, आणि त्या नखात मला आमचं गाव दिसलं, आमच्या शेजारचं गाव दिसलं, बोड्या, तलाव, आणि त्यांत उलटं पडलेलं आभाळ. भिंती मात्र माझ्या दोन्ही खांद्यांना घासत होत्या. एवढं मोठं एवढ्याशा जागेत कसं बसलं होतं ते मला लख्ख दिसत होतं. त्यासाठी शब्द मी कधी ऐकलेला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खाली पडायलाही जागा नव्हती.

"बोल ना वं."

"बाई," मी म्हटलं, "कान फुटलेला आहे. टेम्पोतून उतरवताना फुटला तोच. आपलीच आहे."

बाई हसली. सुतातून ते हसू माझ्या बोटांपर्यंत आलं. मग सूत गप्प झालं.

मी ते ओढून पाहिलं. पलीकडून ओढ आली नाही. पुन्हा ओढलं. मूर्ती आता पुन्हा पहिल्याएवढी होती, चौथऱ्यावर, माझ्यापुढे. तिचा हात आणि माझ्या हातातलं टोक यांत वीतभर अंतर होतं, आणि धागा काढायला लुगड्याला कड उरली नव्हती. मी जीव तोडून हात लांबवला. वीत तेवढीच राहिली.

"बाई, थांब," मी म्हटलं. "बाई, एवढंसं राह्यलं."

तेव्हा मूर्ती उठली.

आधी एक गुडघा सोडला, मग दुसरा, फार वेळ बसलेलं माणूस उठतं तशी. चौथऱ्यावरून खाली उतरली. त्या जागेत दोघांना वाट नव्हती, तरी ती माझ्याजवळून गेली. जाताना तिने माझी बोटं एकेक करून उघडली, झोपलेल्या लेकराच्या मुठीतून आई खेळणं काढते तशी, आणि टोक घेतलं. तिच्या हाताला मातीचा वास होता. मग ती सूत तळहाताला गुंडाळत गुंडाळत दाराकडे चालू लागली, बाईच्या दिशेने. तिची पाठ रंगवलेली नव्हती. आणली त्या दिवसापासून ती पाठ भिंतीकडे होती, कोणी पाहिलीच नव्हती. ओबडधोबड पांढरी पाठ, घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे उमटलेली, लहान होत होत दारातल्या उजेडात गेली.

मला तिच्यामागून जायचं होतं. बाईची मूठ उघडते का ते पाहायचं होतं. पण मागची जागा खांद्यांएवढीही उरली नव्हती. भिंती माझ्या कानांना टेकल्या. आखडून बसण्याएवढी मोकळी जागा एकच होती, आणि ती चौथऱ्यावर होती.

उंच आसनावर बसायचं नाही, हे माझ्या आठ शीलांपैकी एक आहे. लग्नकार्यात, मुलांच्या घरीसुद्धा मी खालीच बसते. मी मनातल्या मनात बाईला विचारलं, काय करू. सूत माझ्या हातात नव्हतं. भिंतींनी मला हळूच पुढे सारलं, पंगतीत लाजणाऱ्या सुनेला म्हाताऱ्या बायका पाठीला हात लावून सारतात तसं. मी वर चढले नाही. चौथराच माझ्याखाली आला. आसन ऊन होतं. माझे गुडघे कित्येक वर्षांत पद्मासनात दुमडले नव्हते, ते दुमडले. उरलेलं लुगडं एका खांद्यावर बसलं. माझं तोंड आपोआप दाराकडे झालं.

दार चण्याएवढं दिसत होतं. पलीकडे पाठ सुरू झाला असावा, किंवा संपला असावा. इथे ऐकू येत नव्हतं.

मग दारात कोणीतरी उभं राहिलं. वाकून चपला काढल्या. चेहरा दिसण्याजोगं अंतर नव्हतं, पण पांढरं लुगडं होतं, आणि आत येताना डावा पाय किंचित ओढला गेला. बाई तसाच ओढायची. हात जोडलेले होते, त्यामुळे मनगटाला काही बांधलं आहे की नाही ते कळत नव्हतं. ओठ हलत होते. त्रिशरण म्हणत असणार.

मी हाक मारायला गेले. मी हात उचलायला गेले. हात मांडीवर, तळवा वर करून, होता तसाच राहिला.

ती एक पाऊल पुढे आली, आणि आधीपेक्षा थोडी लहान दिसू लागली.